इंजनाची सोयरीक

गुलाबभाऊ कुणाच्याही घरात समोरच्या दारानं शिरत नसत. आमच्याकडे यायचे तेही गल्लीला वळसा घालून. मागच्या अंगणात मोरीपाशी चपला काढायच्या आणि तिथूनच हाक द्यायची, "मास्तरीणबाई, हाये काय वं घरी?" मी उत्तर देईपर्यंत ते स्वयंपाकघरात पोचलेले असायचे. हातात पिशवी, पिशवीत वांगी आणि वर सांबाराची, म्हणजे कोथिंबिरीची, जुडी. मी शाळेतून येऊन नुकती पाठ टेकली असेन, नाहीतर पदर खोचून फोडणीपुढे उभी असेन, त्यांना काही फरक पडत नसे. कणकेच्या परातीकडे, पाण्याच्या माठाकडे, ओट्यावरच्या पसाऱ्याकडे एकदा नजर फिरवायचे आणि पाटावर बसायचे.

"समोरचं दार लोकं पाहुन्यासाठी झाडतेत," ते म्हणायचे. "घर पाह्याचं असंन तं मांगून पाहावं."

ही खोड त्यांना सोयरिकी जुळवता जुळवता लागली होती. मंगरूळपीरच्या बाहेर, गाव संपतं तिथे, त्यांचा भाजीपाल्याचा मळा. वांगी, मेथी, पालक, उन्हाळ्यात थोडी काकडी. आठवडी बाजारात त्यांची बसायची जागा ठरलेली आणि तिथे तराजूपेक्षा तोंड जास्त चालायचं. कुणाची मुलगी लग्नाची झाली, कुणाचा मुलगा नोकरीला लागला, कुणाच्या घरात सासू-सुनेचं पटत नाही, हे सगळं मेथीच्या जुड्यांबरोबर त्यांच्यापुढे येऊन पडायचं. मग एखाद्या दिवशी पिशवीत वांगी घालून भाऊ त्या घरी हजर. न सांगता, ऐन स्वयंपाकाच्या वेळेला, आणि अर्थात मागच्या दारानं. गोठ्यात थोडा वेळ टेकायचे. घरधनी जवळ आला की बैल मान पुढे करतो की अंग चोरतो, हे पाहायचे. बैलानं अंग चोरलं की ती सोयरीक तिथेच संपली. पुढे मुलाची जमीन कितीही असो.

आणि दुसरी गोष्ट, मुलाची किंवा मुलीची जी काही खोड असेल ती पहिल्या बैठकीत, चहा येण्याच्या आधी सांगून मोकळे व्हायचे. "खोड पह्यले सांगावं. गुन लोकं सोताच पाहून घेतेत," हा त्यांचा कायदा.

माझं लग्न त्यांनीच जुळवलं. अकोल्याला आमच्या घरी आले, मागच्या दारानं, आणि माझ्या बाबांना म्हणाले, "पोरगा गरीब सोभावाचा हाये. पन दमा हाये त्याले. हिवाळ्यात रातभर खोकलते." बाबांच्या हातातला पेपर खाली आला. ते उठून आत गेले ते बराच वेळ बाहेर आले नाहीत. आई मात्र म्हणाली, जो माणूस हे आधी सांगतो तो दुसरं काही लपवत नसेल. इतक्या वर्षांत मला त्यांच्याबद्दल एकच तक्रार आहे. दमा सांगितला, पण नवरा इस्त्रीच्या कपड्यांची घडी स्वतःच मोडून पुन्हा घालतो हे सांगितलं नाही.

गुलाबभाऊंना जाऊन आता वर्ष होत आलं. तालुक्यात त्यांनी जुळवलेली घरं जागोजागी आहेत आणि त्यांच्या अभिमानाची गोष्ट अशी की त्यांनी दिलेली एकही मुलगी माहेरी परत आली नाही. पण मला ते आठवतात ते त्यांच्या शेवटच्या सोयरिकीमुळे. ती सोयरीक कुत्र्याची होती.

कुत्र्याचं नाव इंजन. मळ्यातल्या विहिरीवर एक जुनं डिझेल इंजन होतं. सुरू होताना आधी खोकायचं, थरथरायचं, आणि एकदा सुरू झालं की बंद करायला दोन माणसं लागायची. कुत्र्याचंही तसंच. सकाळी उठलं की खोकायचं, अंग झाडायचं आणि मग सबंध दिवस थांबणं नाही. दांडातून, म्हणजे वाफ्यांना पाणी नेणाऱ्या पाटातून, पाणी सुटलं की पाण्याच्या तोंडापुढे धावायचं, पाण्याला चावे घ्यायचं, चिखलानं माखायचं. बगळे उतरले की बगळ्यांमागे. बगळे नसले की स्वतःच्या सावलीमागे. तोंड पांढरंफटक, एक कान अर्धा गेलेला, मागचा एक पाय थोडा तिरका, आणि अंगात मात्र असा दम की पाहणाऱ्यालाच धाप लागावी.

"बस ना बाप्पा एका जागी," भाऊ वाफ्यात खुरपं चालवता चालवता ओरडायचे. "वय काय तुह्यं, करून काय राह्यला तू!"

ते त्यांच्याकडे आलं तेच मुळी उतारवयात. फाट्याजवळच्या वस्तीतली माणसं दिवाळी झाली की ऊसतोडीला जातात. एका वर्षी त्यांचा ट्रक भरून निघाला आणि हे कुत्रं ट्रकमागे धावत सुटलं. कुठल्याशा गाडीचा धक्का लागला. तरी लंगडत फाट्यावर परत आलं आणि ट्रक ज्या बाजूला गेला तिकडे तोंड करून बसून राहिलं. भाऊ बाजारातून येता-जाता पाहायचे. त्यांच्या लूनाचा आवाज झाला की कुत्रं उठायचं आणि ट्रक नाही असं पाहून पुन्हा बसायचं. शेवटी भाऊंनी त्याला भाजीच्या टोपल्यात घालून घरी आणलं. वस्तीतली माणसं परत आल्यावर आपण होऊन सांगायला गेले, तुमचं कुत्रं माझ्याकडे आहे. तिथली बाई म्हणाली, "राहू द्या भाऊ तुमच्यापाशीच. आमी पुन्ना जानारच हावो. माह्या पोट्टीच्या आंधीचं हाये ते." तिची पोट्टी तेव्हा शाळेत जात होती. त्या हिशेबानं मी सांगतेय त्या हिवाळ्यात इंजन बाराच्या घरात.

त्यांच्या शेवटच्या हिवाळ्यात गुलाबभाऊ बाजारात बसल्या जागी छाती धरून कलंडले. भाजीवाल्यांनीच उचलून दवाखान्यात नेलं. तिथून अमरावतीला. हृदयाची एक झडप निकामी होत आली आहे, ऑपरेशन करावं लागेल आणि त्यानंतर एकट्यानं राहायचं नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं. भाऊंची बायको, आमच्या काकू, तर कधीच्याच गेलेल्या. मुलगी शालू अमरावतीला, तिसऱ्या मजल्यावर, दोन खोल्या, सासूही त्यातच. ती म्हणाली, संक्रांत झाली की मी गाडी घेऊन येते, तोवर सगळं आवरून ठेवा.

मळ्याची काळजी नव्हती. पुतण्या गजू बटईनं, अर्ध्या वाट्यानं, करायला तयार होता. काळजी इंजनाची होती.

गजू काही वाईट माणूस नाही. पण त्याच्या बकऱ्या आहेत, कोंबड्या आहेत, आणि इंजनानं कोंबड्यांना एकदा सबंध मळ्यातून फिरवून आणलं होतं. तो सहज म्हणाला, "मोठेबाबा, कायले टेन्शन घेता? फाट्यावर सोडून देऊ. हाटेलं हायेत तठी. जगते कुत्रं."

तो गेल्यावर भाऊ माझ्या स्वयंपाकघरात पाटावर येऊन बसले. पिशवीत वांगी नव्हती. तेव्हाच मला कळायला हवं होतं की माणूस घाबरला आहे.

"एकदा सुटलं ना वं ते त्याच फाट्यावर," ते म्हणाले. "दुसऱ्यांदा नाई. म्या तिकडं टेबलावर पडून राहीन अन् हे हिकडं रस्त्याकडं तोंड करून बसंन. मले ऑपरेशनचं भेव नाई वाटत. हे वाटते."

आमच्याकडे ठेवून घ्यावं असं मनात आलं होतंच. पण कुत्रं नुसतं अंगणात येऊन गेलं तरी ह्यांना धाप लागते. मी तोंड उघडायच्या आत भाऊंनीच हात हलवला. "तुह्या नवऱ्याचा दमा म्याच सांगतला होता. मीच इसरू काय?"

मग भाऊंनी ठरवलं, सोयरीक पाहायची. त्यांना दुसरं काही येतही नव्हतं.

लूना चालवायला डॉक्टरांनी मनाई केलेली, त्यामुळे आमची जुनी गाडी आणि ड्रायव्हर मी. भाऊ माझ्या शेजारी, मांडीवर पिशवी. इंजन मागच्या सीटवर, म्हणजे सीटवर, सीटखाली आणि खिडकीबाहेर, सगळीकडे एकाच वेळी. त्या दिवसांत रविवार आला की मला धास्ती वाटायची. गाडीत बसल्यापासून भाऊ छातीवर तळवा ठेवून समोर बघत राहायचे. मी विचारलं, दुखतं का, की म्हणायचे, "नाई. ते पाह्य, पुढं बैलगाडी हाये."

पहिलं घर धनजला. शेतकऱ्याचं, भरलं घर, गोठा चांगला. बैलानं मान पुढे केली. भाऊंचा चेहरा उजळला. नियमाप्रमाणे चहाच्या आधी त्यांनी सांगितलं, "कुत्रं म्हातारं हाये. बाराच्या घरात असंन." तेवढ्यात म्हातारं कुत्रं कुंपणावरून उडी मारून शेजारच्या हरभऱ्यात गेलं होतं आणि दोन माणसं त्याच्या मागे धावत होती. घरधनी मात्र म्हणाला, "म्हातारं घेऊन काय करू भाऊ? उद्या मेलं तं लेकरं रडतीन." आणि चहा पाजून आम्हाला वाटेला लावलं.

दुसरं घर किन्हीराजाला. निवृत्त ग्रामसेवक आणि त्यांची बायको, नीटनेटकं घर, ओसरीवर झोपाळा. त्यांना म्हातारंच कुत्रं पाहिजे होतं. दारात पडून राहील, आल्यागेल्यावर भुंकेल, बास. भाऊंनी त्यांच्या कानीकपाळी ओरडून सांगितलं, "सायेब, हे पडून राह्यनारं नाई. म्हातारं हाये, पन धांगडधिंगा लय करते." साहेब हसले. म्हाताऱ्या कुत्र्याचा धांगडधिंगा तो काय असणार, असं त्यांच्या चेहऱ्यावर स्वच्छ दिसत होतं. इंजनाला तिथे ठेवून आम्ही परत निघालो. भाऊ सगळ्या वाटेत तीनदा म्हणाले, "म्या सांगतलं ना? सांगतलं ना म्या?"

आठवडा पुरा व्हायच्या आत ऑटो मळ्याच्या बांधाशी थांबला. आत इंजन, गळ्यात नायलॉनची दोरी, आणि शेजारी साहेब स्वतः. तुळशीवृंदावन उकरलं होतं, दोरीवरचं नऊवारी ओढून सबंध आळीत मिरवलं होतं आणि शेजाऱ्यांच्या चपला, कुणाची एक कुणाची दोन, झोपाळ्याखाली आणून रचल्या होत्या. साहेब तसे सज्जन. रागावले नाहीत. फक्त म्हणाले, "हे म्हातारं नाही हो गुलाबराव. तुमची काहीतरी फसगत झाली आहे."

इंजन दोरी सुटताच दांडाकडे पळालं. भाऊ बांधावर बसून राहिले. त्यांचा चेहरा मला अजून दिसतो. इतक्या वर्षांत त्यांनी दिलेलं कुणी परत आलं नव्हतं.

"खरं सांगतलं तं कोनी घेत नाई," ते म्हणाले, "अन् घेतलं तं खरं मानत नाई." त्यानंतर ते जेवेनासे झाले. गजू एक-दोनदा येऊन मळा पाहून गेला आणि जाताना कुत्र्याकडे नुसता बघून गेला. संक्रांत जवळ आली. शालूचे फोन वाढले. बाबा, औषध घेता ना? बाबा, कपडे भरले का? भाऊ हो हो म्हणायचे आणि बॅग रिकामीच असायची. माझंही वर्गात लक्ष लागेना. फळ्यावर लिहिताना मध्येच फाटा डोळ्यांपुढे यायचा.

आसेगावच्या अनसूयाबाईंचं नाव बाजारातूनच आलं. एकटी बाई, टोमॅटो आणि मेथी लावते, माकडं आणि रानडुकरं तिला जगू देत नाहीत, आणि तिचा जुना कुत्रा उन्हाळ्यात गेला. भाऊंनी पिशवीत वांगी भरली. खूप दिवसांनी भरली.

त्या घराचं मागचं दार मी विसरणार नाही. शेणानं सारवलेलं, उंबऱ्यापाशी पाखरांसाठी पाण्याची थाळी, आणि एक म्हैस, जी अनसूयाबाई जवळ गेल्यावर नुसती मान पुढे करून थांबली नाही, तिच्या खांद्यावर हनुवटी टाकून उभी राहिली. भाऊ माझ्याकडे बघून हळूच म्हणाले, "हे घर." इंजन तोवर टोमॅटोच्या दांडात शिरलं होतं आणि वाहत्या पाण्याला चावत होतं. अनसूयाबाई पदर तोंडाला लावून हसल्या. "अवं माय, पान्यासंगं भांडते का हे?"

चहा अजून यायचा होता. त्यांनी विचारलं, "कितल्या वर्साचं हाये, भाऊ?"

भाऊंचा तळवा छातीवर गेला. मग दांडाकडे बघत म्हणाले, "असंन पाच-सहा वर्साचं."

मी त्यांच्याकडे पाहिलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही.

"अन् तोंड पांढरं काहून झालं त्याचं?"

"जातच तशी हाये त्याची."

अनसूयाबाई बराच वेळ कुत्र्याकडे पाहत राहिल्या. त्यांचं हसू हळूहळू गेलं. आत जाऊन चहा आणला, आमच्या पुढे ठेवला आणि म्हणाल्या, "जनावर लय चांगलं हाये. पन मले नाई जमनार भाऊ. दुसरं घर पाहा." कारण विचारलं तर फक्त मान हलवली.

परतीच्या वाटेवर भाऊंनी रिकामी पिशवी घडी घालून मांडीवर ठेवली, उलगडली, पुन्हा घडी घातली. "तिनं ओयखलं," ते म्हणाले. "खोटं बोलनारा मानूस ओयखला तिनं. अशा मानसाचं कोन कायले घेईन?" मी म्हटलं, भाऊ, लग्नात तर लोक सर्रास वय चोरतात. ते एकदम चिडले. "लोकं चोरतेत! म्या कधी चोरलं काय?" मागून इंजन त्यांच्या मानेला नाक लावत होतं आणि ते त्याला हातानं बाजूला करत होते.

दोन दिवसांनी सकाळी, मी शाळेला निघाले होते तर भाऊ मागच्या अंगणात. "आसेगावले चाल."

"भाऊ, त्यांनी नाही म्हटलंय."

"कुत्रं द्याले नाई जाऊन राह्यलो. खोटं बोललो ते सांगाले जाऊन राह्यलो. उद्या ऑपरेशनात काई झालं तं हे तसंच राहीन." मी शाळेत फोन केला, यायला उशीर होईल म्हणून. इंजन न सांगताच गाडीत चढलं.

अनसूयाबाई मागच्या अंगणात मेथी निवडत होत्या. भाऊ बसलेही नाहीत. उभ्या उभ्या म्हणाले, "बाई, म्या तुमच्याशी खोटं बोललो. हे पाच-सहाचं नाई. बारा वर्साचं असंन. फाट्यावर सोडून गेले होते त्याले, तवापासून माह्यापाशी हाये. आता म्या चाललो दवाखान्यात, अन् घर नाई भेटून राह्यलं म्हनून जीभ घसरली. बस. इतलंच सांगाचं होतं."

अनसूयाबाईंच्या हातातली मेथी तशीच राहिली. "बारा?"

"हाव."

"बारा वर्साचं हाये, तं मंग पह्यले काहून नाई सांगतलं भाऊ?" त्यांचा आवाज चढला. "म्या दोन दिस झोपली नाई. इतलं चांगलं जनावर दारातून वापस धाडलं म्हनून. माह्यी सत्तरी झाली. पाच वर्साचं कुत्रं अजून सात-आठ वर्स जगन. माह्या मांगं त्याले कोन? माह्यी लेक नागपूरले, वरच्या मजल्यावर राह्यते. मले नेईन ते, कुत्र्याले थोडीच नेनार हाये? ते बी रस्त्यावरच जाईन ना. म्हनून म्या नाई म्हनलं. बारा वर्साचं हाये तं ठेवा की. आमी दोघं संगं म्हातारे."

भाऊ मटकन खाली बसले. मला वाटलं छातीत कळ आली. मी धावले. पण ते रडत होते. मी त्यांना कधी रडताना पाहिलं नव्हतं, काकू गेल्या तेव्हाही नाही. डोक्यावरची टोपी काढून तोंडाशी धरली आणि त्यात रडले. ज्या वयानं धनजचं घर गेलं त्याच वयासाठी हे घर थांबलं होतं, आणि आयुष्यभर खोड आधी सांगणाऱ्या माणसानं नेमकी इथेच ती झाकली होती. मलाही रडू आलं. इंजन मात्र टोमॅटोत होतं.

निघताना अनसूयाबाईंनी पाण्याचा गडवा पुढे केला. भाऊंनी हात जोडले. "आता नाई. देल्ल्या घरचं पानी आमी नाई घेत."

"लेक हाये का ते तुमची?"

"मंग कोन हाये?" भाऊ म्हणाले आणि डोळे पुसत हसले. इंजनाला दाव्यानं खांबाशी बांधलं, कारण ते गाडीत चढायला निघालं होतं. भाऊंनी त्याच्या अर्ध्या कानाशी वाकून काहीतरी सांगितलं. काय ते मी विचारलं नाही.

ऑपरेशन नीट झालं. भाऊ त्यानंतर काही महिने अमरावतीत राहिले. मी जाईन जाईन म्हणत होते, शाळा, परीक्षा, ह्यांचा दमा, जाणं झालं नाही. रविवारी फोन यायचा. पहिलं वाक्य ठरलेलं, "इंजन चालू हाये ना?" मी अनसूयाबाईंना विचारून ठेवलेलं सांगायचे. माकडांना झाडावर चढवलं. चप्पल पळवली. म्हशीशी मैत्री झाली. मग एका रविवारी फोन शालूचा आला. झोपेतच गेले, म्हणाली.

इंजन अजून आहे. आता पळताना मध्येच बसतं, खोकतं, पुन्हा उठतं.

मी भाऊंना शेवटचं पाहिलं ते संक्रांतीनंतर, शालू त्यांना न्यायला आली त्या दिवशी. आसेगाव काही अमरावतीच्या वाटेवर नाही, उलट्या दिशेला आहे. पण भाऊंनी जावयाला गाडी तिकडून घ्यायला लावली आणि मला म्हणाले, "तू चाल संगं. तुह्या डोयानं पाहाचं हाये." मला त्याचा अर्थ कळला नाही. जावई गाडी चालवत होते, शालू पुढे, मागे आम्ही दोघं.

अनसूयाबाईंचा मळा रस्त्याला लागूनच आहे. तो दिसायला लागला तसे भाऊ अस्वस्थ झाले. गाडी हळू करायला सांगितली आणि एकदम खाली वाकले. डोकं पार गुडघ्यांपर्यंत, दोन्ही हात पुढच्या सीटला. शालू घाबरून ओरडली, "बाबा, काय होतंय?"

"काई नाई होत. त्याले दिसलो तं ते गाडीमांगं धावन. एकदा धावलं ते." वाकलेल्या अवस्थेत त्यांचा श्वास मोठ्यानं ऐकू येत होता. "मास्तरीण, पाह्य. काय करून राह्यलं?"

मी काचेतून पाहिलं. इंजन मोकळं होतं. गाडीचा आवाज ऐकून ते वाफ्यात उभं राहिलं, अर्धा कान ताठ. मग बांधाकडे चालू लागलं. चार पावलं आलं आणि थांबलं. तेवढ्यात पलीकडे अनसूयाबाईंनी मोटर सुरू केली. दांडाच्या तोंडाशी पाणी उसळलं. इंजनानं तिकडे पाहिलं, पुन्हा एकदा रस्त्याकडे पाहिलं, आणि मग पाण्याकडे पळालं.

"सांग ना वं."

मला वाटलं, सांगावं की त्यानं बघितलंच नाही. पण समोर गुलाबभाऊ होते.

"खोड पहिले सांगते भाऊ," मी म्हटलं. "एकदा वळून पाहिलं त्यानं रस्त्याकडे. मग गेलं पाण्यावर. आता चावतंय पाण्याला."

ते वाकलेलेच होते. त्यांचे खांदे हलले. हसत होते की काय, मला दिसलं नाही. "पाह्यलं ना एकदा," ते म्हणाले. "बरं झालं. चाल आता, जावईबापू."

गाव मागे पडल्यावर, गाडी दुसऱ्या रस्त्यानं अमरावतीकडे वळते त्या फाट्याशी मला उतरायचं होतं, तिथून मंगरूळपीरची बस मिळते. मी म्हटलं, भाऊ, मळा गेला, आता उठा वर. त्यांनी वाकूनच माझा हात धरला, दाबला आणि सोडला. गाडी निघाली. हात हलवावा म्हणून मी मागच्या काचेकडे पाहत उभी राहिले. पण मागची सीट रिकामी दिसत होती. भाऊ अजून खालीच होते.